मोहाची फुले वेचणे, वाळवणे आणि रांधणे

मोहाचे फूल झाडावरून खाली येते तेव्हा ते स्वच्छ आणि रसरशीत असते. पुढे ते खाण्याजोगे राहील की नुसते भट्टीवर घालण्याच्या लायकीचे उरेल, हे त्यानंतरच्या काही तासांत आणि चार दिवसांच्या वाळवणीत ठरते. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा-शिरपूरपासून शहादा-तळोद्यापर्यंत आणि वर धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत मोहाला तोटा नाही. तरीही जळगाव-धुळ्याच्या घरांत मोहाचा पदार्थ क्वचितच ताटात दिसतो. बाजारात येणारे बरेचसे फूल मातीत लोळलेले, राख लागलेले आणि अर्धवट वाळलेले असते, आणि ते हातात घेतल्यावर हे खायचे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. पावरा आणि भिल्ल घरांत मात्र कणगीतले धान्य तळाला लागते त्या दिवसांत मोहाने पिढ्यान्‌पिढ्या पोटाला आधार दिला आहे. पुढे दिलेली पद्धत मी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरच्या आजींकडून शिकले आणि नंतर आठ-नऊ उन्हाळे स्वतः करून पाहिली.

झाड ओळखणे अवघड नाही. मोह हा चिकूच्या कुळातला वृक्ष असून त्याचे शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया असे आहे. साल करडी-तपकिरी आणि भेगाळलेली असते, पान किंवा कोवळी फांदी तोडली की पांढरा चीक येतो, आणि पाने फांदीभर विखुरलेली नसून फांद्यांच्या टोकांना झुबक्याने येतात. माघ-फाल्गुनात पानगळ होते. होळीच्या आधीचे भोंगऱ्याचे बाजार भरू लागले की उघड्या फांद्यांच्या टोकांना तांबूस लव असलेल्या कळ्यांचे घोस दिसू लागतात. सातपुड्यात फुलांचा मुख्य हंगाम मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालतो. त्यातही एका झाडाचा बहर दोन ते चार आठवड्यांचाच असतो, आणि शेजारी शेजारी उभी असलेली दोन झाडेसुद्धा एकाच वेळी फुलतील असे नाही.

पडलेले एक फूल तळहातावर घेऊन पाहावे. आपण ज्याला फूल म्हणतो तो खरे तर पाकळ्यांचा जोडून झालेला, मलईच्या रंगाचा, मांसल फुगा असतो. मोठ्या मण्याएवढा, तोंडाकडे निमुळता, आणि मागच्या बाजूने भोक पडलेला. हे भोक किडीने पाडलेले नसते. फूल गळताना त्याचा तपकिरी देठपेला आणि मधली लांब सुईसारखी काडी झाडावरच राहते, आणि त्या काडीवरून हा फुगा मणी ओघळावा तसा सरकून खाली येतो. पुढे फळ धरते ते झाडावर राहिलेल्या भागातून. म्हणून गळलेली फुले कितीही वेचली तरी टोळंबीच्या, म्हणजे मोहाच्या फळांच्या, पिकाला धक्का लागत नाही. फांद्या झोडपून फुले पाडली तर मात्र देठासकट कच्चे घोस तुटतात, आणि जूनमधल्या फळांचे नुकसान एप्रिलमध्येच होऊन जाते.

वेचायला जाण्याआधी झाड कोणाचे आहे हे विचारून घ्यावे. डोंगरातल्या गावांत बांधावरचा आणि रानातलाही मोह बहुधा कोणत्या ना कोणत्या घराचा म्हणून ठरलेला असतो, आणि ती वहिवाट कागदावर नसली तरी सगळा पाडा ती पाळतो. कायद्याच्या अंगाने पाहिले तर २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क वनात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना दिलेला आहे. १८९२ पासून, म्हणजे मुंबई इलाख्यात मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला तेव्हापासून, हे फूल सरकारच्या लेखी दारूचा कच्चा माल म्हणूनच धरले गेले. महाराष्ट्रात २०२१ मध्ये फुलांच्या संकलनावरील, साठवणुकीवरील आणि वाहतुकीवरील निर्बंध शिथिल झाले. विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा तेव्हाही होता आणि आजही आहे. शहरातल्या वाचकाने स्वतः रानात शिरण्यापेक्षा ओळखीच्या पाड्यावरून फूल विकत घेणे मला अधिक योग्य वाटते. फूल स्वच्छ वेचून दिले तर चार पैसे जास्त देऊ, असे हंगामाआधीच सांगून ठेवावे.

झाडाखालची जागा तयार करणे

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त आग्रही आहे. पानगळीमुळे झाडाखाली वाळलेल्या पाचोळ्याचा जाड थर असतो आणि त्यात पडलेले फूल दिसत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी फुले सुरू होण्याआधी तो पाचोळा पेटवून देतात. काम पाच मिनिटांत होते खरे, परंतु मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ती आग झाडाखाली थांबेलच याची कोणी हमी देऊ शकत नाही, आणि सातपुड्यातले कित्येक वणवे अशा छोट्या जाळांतूनच पसरतात. त्यात मोहाची स्वतःची रोपे आधी जळतात. जुनी झाडे उभी आहेत, पण त्यांच्या खाली मनगटाएवढा एकही तरुण मोह नाही, असे पाडे मी पाहिले आहेत. अन्नाच्या दृष्टीनेही जाळलेली जमीन वाईटच, कारण ओलसर, चिकट फुलाला राख आणि कोळशाची बुकणी लागते आणि ती कितीही धुतली तरी पुरती निघत नाही.

आग न लावता दोन प्रकारे काम होते. पहिला प्रकार म्हणजे खराट्याने पाचोळा झाडून झाडाच्या घेराबाहेर ढीग करणे आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर जुनी सुती लुगडी किंवा धोतरे पसरून कडेला दगड ठेवणे. दुसरा प्रकार खर्चाचा असला तरी कितीतरी चांगला: बारीक वीण असलेली नायलॉनची जाळी झाडाखाली चार-पाच बांबूंना बांधावी, जमिनीपासून कमरेएवढी उंच आणि मध्ये किंचित खोलगट राहील अशी. फूल मातीला लागतच नाही, शेळ्या-गुरांच्या तोंडी पडत नाही, आणि पहाटे वाकून एकेक फूल टिपण्याऐवजी जाळीच्या मधोमध जमलेला ढीग टोपलीत भरता येतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जाळीच बांधावी. जाळी एकदा घेतली की काही हंगाम पुरते, मात्र पाऊस सुरू होण्याआधी ती काढून, धुऊन, सावलीत गुंडाळून ठेवावी. उन्हात टांगलेली राहिली तर तिचे धागे तुटू लागतात.

वेचणी

फुले रात्रीच्या शेवटच्या प्रहरापासून गळू लागतात आणि ऊन चढेपर्यंत पडत राहतात. वेचणी उजाडल्यावर सुरू करून उन्हाचा चटका बसण्याआधी संपवावी. अंधारात जाऊ नये, एकट्याने तर मुळीच जाऊ नये, कारण मोहाचे फूल अस्वलाचेही आवडते खाद्य आहे आणि यावलच्या अभयारण्यापासून पुढच्या सातपुड्यापर्यंत अस्वलांचा वावर आहे. तीन-चार जणांनी बोलत, आवाज करत जावे. झाडाखाली ओली विष्ठा, ओरबाडलेली साल किंवा ताजी उकरलेली जमीन दिसली तर त्या दिवशी ते झाड सोडून द्यावे.

टोपली बांबूची असावी. प्लास्टिकच्या पिशवीत ताजे फूल भरले की ते स्वतःच्याच ओलाव्याने तासाभरात घामेजते, आणि खालचा थर वरच्या वजनाने दबून रस सोडतो. त्यामुळे बांबूची टोपलीसुद्धा अर्धीच भरावी. वेचतानाच निवड करावी: टपोरे, पिवळसर पांढरे आणि कोरडे वाटणारे फूल एका टोपलीत घ्यावे, आदल्या दिवशीचे, तपकिरी पडलेले, मुंग्या लागलेले किंवा आंबूस वासाचे फूल वेगळे ठेवून गुरांपुढे टाकावे. ताज्या फुलाचा वास गोड आणि किंचित उग्र असतो, आणि पहिल्यांदाच तो घेणाऱ्याला तोच आंबूस वाटू शकतो. खरोखर आंबलेले फूल बोटांत दाबले की पातळ पाणी आणि फेस येतो. ताज्यातून घट्ट, चिकट रस येतो.

वाळवण

वेचलेले फूल त्याच सकाळी पसरायला हवे. ताज्या फुलात तीन चतुर्थांश पाणीच असते आणि उरलेल्यात साखरेचा मोठा वाटा, म्हणून उन्हाळ्याच्या उष्म्यात ते दुपारपर्यंत ढिगात राहिले तरी आंबायला सुरुवात होते. जमिनीवर, सारवलेल्या अंगणात किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला वाळवू नये. विणलेल्या बाजेवर स्वच्छ सुती कापड अंथरून त्यावर फुलांचा एकच थर पसरावा, म्हणजे वरून ऊन आणि खालून वारा दोन्ही लागतात. पत्र्याच्या छपरावर काम लवकर होईल असे वाटते, पण तिथे फूल बाहेरून काळपट पडून आवळले जाते आणि आत ओल कोंडून राहते.

पहिल्या दिवशी दर दोन तासांनी हलक्या हाताने फुले उलटावीत, दुसऱ्या दिवसापासून दोनदा उलटली तरी पुरते. संध्याकाळी बाज उचलून आत घ्यावी किंवा वरून कापड झाकावे. आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या उन्हात तीन ते चार दिवसांत फूल वाळते. आभाळ आले तर पाच-सहा दिवस लागतात, आणि अवकाळी पावसात एकदा भिजलेले फूल खाण्यासाठी पुन्हा वाळवत बसू नये. रंग मलईपासून बदामी आणि पुढे तांबूस तपकिरी होत जातो. साधारण चार किलो ताज्या फुलांचे एक किलो वाळलेले फूल उतरते, त्यामुळे पहिल्या दिवशीचे वजन लिहून ठेवले तर वाळवण कुठवर आले ते ताजव्यावरच कळते. ताजवा नसेल तर मूठभर फुले घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा न होता ती सुटी व्हावीत आणि बोटांना चिकटपणाचा नुसता भास राहावा, ओल लागू नये. मग एक जाडसे फूल मधोमध फाडून आत पाहावे, कारण मुठीची परीक्षा उत्तीर्ण झालेले फूलही कधी कधी पोटात ओलसर असते.

माझ्या दुसऱ्या हंगामात मी ही शेवटची पायरी गाळली होती. दोन दिवसांचे कडक ऊन मिळाले होते, फुले वरून खडखडीत वाजत होती, आणि मी सात किलो फूल प्लास्टिकच्या ड्रमात भरून झाकण लावून टाकले. श्रावणात ड्रम उघडला तेव्हा आत एकसंध काळा गोळा झालेला होता आणि त्याचा आंबट भपका घरभर पसरला. त्यातले एकही फूल वाचले नाही. त्या आजींनी ऐकून घेतले आणि फक्त एवढेच विचारले की, फूल फाडून पाहिले होते का.

साफसफाई आणि साठवण

वाळलेले फूल फाडून पाहिलेच आहे तर त्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेले आखूड, लवदार केसरही दिसतील. हे केसर घशाला खवखवतात आणि पदार्थाला कडसर चव आणतात, म्हणून खाण्यासाठीच्या मोहातून ते काढायलाच हवेत. त्यासाठी वाळलेली फुले तासभर कडक उन्हात तापवून जाड कापडी पिशवीत भरावीत आणि पिशवी दोन्ही हातांनी चोळावी, किंवा उखळात मुसळाचे अगदी हलके घाव घालावेत. फुलांचा चुरा होऊ देऊ नये. केसर सुटून आले की सुपात पाखडावे. केसर, धूळ आणि पाकळ्यांचे पापुद्रे पुढे उडून जातात आणि जड फुले सुपात राहतात. किलोभर फुलांना अर्धा-पाऊण तास लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु मोहाच्या पदार्थाला घसा धरतो अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

साफ केलेले फूल रात्रभर घरात निवू द्यावे आणि मगच भरावे, कारण गरम फूल डब्यात भरले की झाकणाला पाणी सुटते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा उत्तम. मडके वापरायचे असेल तर ते आधी उन्हात तापवून, तोंडाला कापड बांधून त्यावर शेणमातीचा लेप द्यावा. तळाला आणि वर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. गोणपाट पावसाळ्यातली हवा ओढून घेते, म्हणून गोणीत साठवू नये. मृग लागण्याआधी डबा उघडून फुलांना एक दिवस ऊन दाखवावे आणि पुन्हा बंद करावे. त्यानंतर दिवाळीपर्यंत काळजी राहत नाही.

ज्यांना फूल विकतच घ्यायचे आहे त्यांनी धडगाव, मोलगी किंवा तळोद्याच्या बाजारात चिमूटभर फूल तळहातावर चोळून पाहावे. हाताला राख किंवा माती लागली, फूल काळे पडलेले असले किंवा वास आंबट आला तर ते घेऊ नये. चांगल्या फुलाला मनुकांसारखा वास येतो.

रांधण्याआधी आणि रांधताना

शिजवण्याआधी फुले दोन पाण्यांतून झटपट धुवावीत. भिजत घालायची असतील तर अर्धा तास पुरे. उन्हाळ्यात तीन-चार तास पाण्यात राहिलेल्या फुलांवर फेस धरू लागतो. न आंबलेल्या फुलानेही नशा होते, हा गैरसमज मनातून काढून टाकावा. मात्र ते कच्चे आणि पोटभर खाल्ले तर मळमळते, डोके जड होते, म्हणून ते भाजून किंवा उकडूनच खावे आणि पहिल्यांदा खाणाऱ्याने एखाद-दुसऱ्या घासापुरतेच घ्यावे. मधुमेह असलेल्यांनी मोहाला गुळाइतकाच गोड पदार्थ समजावे.

सुरुवात तिळाच्या लाडवांनी करावी, कारण त्यात चुकण्याजोगे थोडेच आहे. दोन वाट्या साफ केलेली फुले धुऊन, कापडावर पुसून, तासभर उन्हात सुकवून घ्यावीत. लोखंडी तव्यावर मंद आचेवर सात-आठ मिनिटे सतत हलवत भाजावीत. आधी ती मऊ पडतात, मग फुगतात, आणि त्यांचा रंग खजुरासारखा गडद होऊ लागला की उतरवावीत. यापुढे अर्धा मिनिट जरी गेला तरी साखर करपून कडवटपणा येतो. एक वाटी तीळ आणि अर्धी वाटी शेंगदाणे वेगवेगळे भाजून घ्यावेत. सगळे गरम असतानाच उखळात एकत्र कुटावे. कुटताना फुलातली साखर आणि तिळाचे तेल एकमेकांत मुरते आणि मिश्रण आपोआप बांधले जाते; गूळ घालावा लागत नाही. मिक्सरमध्ये करायचे असल्यास थांबत थांबत फिरवावे, नाहीतर तेल सुटून लाडू ओघळतात. हे लाडू पंधरा दिवस सहज टिकतात.

भाकरीसाठी एक वाटी फुले दीड वाटी पाण्यात पंधरा मिनिटे उकडून, कुस्करून घ्यावीत आणि तोच गरम लगदा, त्यातल्या पाण्यासकट, तीन वाट्या ज्वारीच्या पिठात चिमूटभर मीठ घालून मळावा. पीठ गरम लगद्यातच मळले की भाकरी थापताना चिरत नाही. आच नेहमीपेक्षा कमी ठेवावी आणि पाणी फिरवलेली बाजू लवकर उलटावी, कारण गोडव्यामुळे ती तव्याला धरते. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठात मोह घालून मी एकदा पाहिले. उडदाची खमंग चव आणि मोहाचा गोडवा एकमेकांशी भांडतात, तेव्हा साधी ज्वारी किंवा नाचणीच बरी. सोबत लाल मिरचीचा ठेचा आणि ताक असावे.

चवळी किंवा हरभरे रात्री भिजवून, उकडून, निम्मे शिजत आल्यावर त्यांत मूठभर फुले घालावीत आणि मीठ टाकून पाणी आटेपर्यंत शिजवावे. पाड्यावर शेतात जाताना हेच बांधून नेतात.

सगळ्यांत उपयोगी पडते ती मोहाची काकवी. एक किलो फुले चार लिटर पाण्यात मंद आचेवर पाऊण तास उकळावीत, कोमट झाल्यावर पातळ कापडातून पिळून गाळावीत, आणि ते पाणी जाड बुडाच्या कढईत पुन्हा आटवावे. वर येणारा मळकट फेस काढत राहावा. कालथ्यावरून पडणारी धार तुटण्याआधी क्षणभर लोंबकळली की काकवी झाली. निवल्यावर ती आणखी दाटते. कोरड्या काचेच्या बरणीत भरून ठेवावी आणि नेहमी कोरडाच चमचा घालावा. पातळ राहिलेली काकवी आठवड्यात बुडबुडे सोडते, तसे झाले तर पुन्हा आटवत न बसता ती टाकून द्यावी. खापरावरच्या मांड्यांसाठी पुरण करताना मी निम्मा गूळ आणि निम्मी काकवी घेते. पुरण थोडे जास्त परतावे लागते, पण त्याला जो खमंग, किंचित धुरकट गोडवा येतो तो नुसत्या गुळाने येत नाही. पहिल्याच खेपेला पूर्ण काकवीचे पुरण करू नये, कारण मागे राहणारी कडसर चव सगळ्यांना आवडतेच असे नाही.

जून लागला की त्याच झाडाखाली टोळंबी पडू लागते. बियांतल्या गरापासून निघणारे तेल पिवळसर असते, थंडीत तुपासारखे थिजते, आणि डोंगरातल्या घरांत ते खाण्यासाठीही वापरतात. तेल काढल्यावर उरलेली पेंड मात्र विषारी घटकांमुळे गुरांना घालू नये. टोळंबीतली थोडी बी लावण्यासाठी बाजूला काढावी. ती ताजी असतानाच, आठवडाभरात पेरावी लागते, कारण वाळवून ठेवलेली मोहाची बी उगवण्याची ताकद लवकर गमावते. बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोलीवर, बांधाच्या कडेला, पहिल्या पावसानंतर पेरावी आणि रोपाभोवती काट्यांचे कुंपण घालावे. फूल यायला आठ-दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि त्यातले पहिले तीन उन्हाळे रोपाच्या आसपासचा पाचोळा कोणी पेटवणार नाही एवढे पाहावे लागते.